‘निघतेच आहे’ : निवासी डॉक्टरच्या घरातील एक प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधील एका तरुण कुटुंबाचे आहे. कुटुंब समुपदेशक म्हणून ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२६ या काळात मी त्यांच्याबरोबर काम केले. पती आणि पत्नी या दोघांनी संमती दिल्यावर आणि मजकूर स्वतः वाचून पाहिल्यावरच मी तो येथे मांडत आहे. त्यांच्या इच्छेनुसार नावे, रुग्णालय आणि कंपनी यांचे उल्लेख गाळले आहेत. पत्नी मेडिसिन विषयात एम. डी. करणारी निवासी डॉक्टर आहे आणि पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात तीन पाळ्यांमध्ये काम करतो. निवासी डॉक्टरांच्या हालअपेष्टांविषयी आता थोडेफार बोलले जाऊ लागले आहे आणि ते योग्यच आहे. त्यांच्या घरात मागे राहणाऱ्या माणसाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्याकडे आधी तो माणूस आला, म्हणून मीही सुरुवात त्याच्यापासूनच करते.

पहिली भेट

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच आला. पहिली पाळी संपवून, कंपनीच्या गणवेशातच. त्याने सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. लग्न २०१९ मध्ये झाले. मुलगा नोव्हेंबर २०२१ चा. पत्नी एम. बी. बी. एस. नंतर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करत होती आणि मूल तान्हे असतानाच तिने पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू केला. मार्च २०२३ मध्ये परीक्षा झाली आणि सप्टेंबरमध्ये ती रुजू झाली. शहराबाहेर प्रवेश मिळाला असता तर संसार दोन गावांत विभागला असता. नाशिकमध्येच मिळाला म्हणून घरात पेढे वाटले गेले. पाथर्डी फाट्यावरचे घर शहराच्या एका टोकाला आणि रुग्णालय दुसऱ्या टोकाला, पण अंतर जेमतेम सोळा किलोमीटर. ‘रोज घरी तर येईल’ या एका वाक्यावर सगळ्यांनी तीन वर्षांचा हिशेब मांडला होता.

त्याची तक्रार पत्नी घरी नसते ही नव्हती. मी तसे दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्याने मान हलवून नकार दिला. मग त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढली. त्याचे दिवसभराचे काम म्हणजे आलेल्या सुट्या भागाचे माप घ्यायचे, ते आराखड्यातील मापाशी ताडायचे आणि किती फरक चालेल ते पाहायचे. तीच सवय त्याने घरात आणली होती. १ जुलै ते ११ ऑगस्ट या सहा आठवड्यांच्या बेचाळीस दिवसांसाठी त्याने चार रकाने आखले होते : तारीख, तिने सांगितलेली वेळ, ती प्रत्यक्ष आली ती वेळ आणि फरक. पत्नीच्या युनिटची, म्हणजे वॉर्डातल्या तिच्या डॉक्टर-गटाची, इमर्जन्सी (रात्रभर चालणारी तातडीची ड्यूटी) दर चौथ्या दिवशी असे. त्या अकरा रात्री ती येणार नाही हे आधीच ठाऊक असल्याने त्यांच्यापुढे फक्त रेघ मारलेली होती. उरलेल्या एकतीस दिवसांपैकी सांगितलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर ती आली होती पाच दिवस. वीस दिवस ती उशिरा आली होती आणि त्यातला सर्वांत मोठा उशीर पाच तास चाळीस मिनिटांचा होता. दोन दिवस ती आलीच नव्हती. चार दिवस ती सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचली होती. त्यातल्या एका दिवशी घराला कुलूप होते आणि तो मुलाला घेऊन भाजी आणून परतला तेव्हा ती जिन्यातल्या भिंतीला टेकून बसल्या जागी झोपी गेली होती.

ती वही पत्नीविरुद्धचा पुरावा म्हणून आणलेली नव्हती, हे त्याच्या बोलण्यावरून लगेच कळत होते. “मॅडम, मला फक्त हे समजून घ्यायचंय, की जी गोष्ट रोज चुकते ती ती रोज का सांगते,” असे तो म्हणाला. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या एका प्रश्नात होता. ते ओळखायला मला स्वतःला मात्र तीन भेटी लागल्या.

संध्याकाळ

त्या घरातली एक संध्याकाळ मी पतीकडून, त्याच्या आईकडून आणि पत्नीकडून, अशी तिघांकडून वेगवेगळी ऐकली आहे. ती येथे थोडी सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

सायंकाळी साडेसातच्या सुमारास पत्नीचा संदेश येई : ‘निघतेच आहे.’ तेव्हापासून घर थांबे. मुलाला भूक लागलेली असे, पण ‘मम्मी आली की मम्मीच्या हातून जेवायचं’ असे त्याला सांगितलेले असल्यामुळे तो घास घेत नसे. पती तिचे ताट वाढून त्यावर दुसरे ताट झाकून ठेवत असे, कारण आल्याबरोबर तिच्यापुढे गरम अन्न यावे अशी त्याची मनापासूनची इच्छा असे. खाली कोणतीही दुचाकी थांबली की मुलगा गॅलरीकडे धावे. साडेआठ होत, नऊ होत. फोन लागे, पण उचलला जात नसे. साडेनऊला मुलगा रडून रडून सोफ्यावरच झोपी जाई, बहुतेक वेळा अर्धपोटी. अकरा वाजता पती झाकलेले ताट ओट्यावरून फ्रिजमध्ये ठेवी आणि बारा-सव्वाबाराला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येई. दार उघडताच तिचा पहिला शब्द असे ‘सॉरी’. त्यावर तो काहीच बोलत नसे. सकाळी सहाला ती पुन्हा बाहेर पडलेली असे.

पतीच्या रात्रपाळीच्या आठवड्यात यात आणखी एक भर पडे. त्याला साडेनऊला घर सोडावे लागे. ती वेळेत आली नाही की मुलाला सांभाळायला शेजारच्या काकूंना हाक मारावी लागे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे ओशाळे व्हावे लागे. त्याची आई निफाड तालुक्यातल्या गावाहून येऊन राहात असत, पण घरची द्राक्षबाग असल्यामुळे ऑक्टोबर छाटणीपासून त्यांना गावी असावेच लागे. त्या गेल्या की सगळा भार पुन्हा काकूंवर पडे.

दवाखान्याची बाजू

तिसऱ्या भेटीला पत्नी आली. आदल्या दिवशी तिची इमर्जन्सी होती आणि ती सलग तेहतीस तास कामावर राहून थेट माझ्याकडे आली होती. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तो दोन्ही हातांनी धरून ती काही क्षण नुसती बसून राहिली.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा दिवस तिने सांगितला तो असा. सकाळी सहा-साडेसहाला वॉर्डातल्या रुग्णांचे रक्ताचे नमुने घ्यायचे, रात्रीत आलेले रिपोर्ट फायलींना लावायचे, नऊच्या राउंडच्या आधी प्रत्येक रुग्णाची माहिती तोंडपाठ ठेवायची. ओपीडीच्या दिवशी दुपारपर्यंत ओपीडी. मग राउंडमध्ये सांगितलेल्या तपासण्या, रक्तपेढीचे फॉर्म, शासकीय आरोग्य योजनेच्या मंजुरीचे कागद आणि डिस्चार्ज कार्डे. संध्याकाळचा राउंड सातच्या सुमारास. त्यानंतर सिनियरने ‘जा’ म्हटल्यावर निघायचे. पावसाळा सरता सरता नाशिकमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढतात. त्या दिवसांत एकेका वॉर्डात खाटांच्या मध्ये गाद्या पडतात आणि कोणाच्या प्लेटलेट कधी घसरतील याचा नेम नसतो. राउंड संपत आला की ती ‘निघतेच आहे’ असे लिही आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरचा रुग्ण बिघडे. मग ना संदेश पाठवायला हात मोकळा असे, ना फोन उचलायला.

यात आणखी एक गोष्ट होती, जिची घरात कोणालाच कल्पना नव्हती. ‘पहिले वर्ष काढले की खाली ज्युनियर येतात आणि मग सुटका होते’ असे तिला आणि तिने घरच्यांना सांगितलेले होते. सर्वसाधारणपणे ते खरेही असते. परंतु २०२४ ची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा २३ जूनला होणार होती ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. परिणामी प्रवेश लांबले आणि नवी तुकडी डिसेंबरच्या अखेरीपर्यंत आली नाही. सप्टेंबरमध्ये तिचे वर्ष पुरे झाले, पण काम मात्र पहिल्या वर्षाचेच राहिले. पतीला ते ठाऊक नव्हते. तो सप्टेंबरची वाट पाहात होता आणि सप्टेंबर उलटूनही काहीच बदलले नाही, तेव्हा हिलाच घरी यायचे नाही की काय, असा संशय त्याच्या मनात आला होता. तो त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा बोलून दाखवला तेव्हा पत्नीने काही न बोलता त्याच्याकडे पाहिले आणि मग परीक्षा पुढे गेल्याची सगळी हकीकत सांगितली. एवढी मोठी गोष्ट काही महिने एका छपराखाली राहून सांगायची राहून जाते, यावरून त्या घरात बोलायला किती वेळ उरला होता ते लक्षात यावे.

मग मी वहीतला प्रश्न तिला विचारला. तिचे उत्तर मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे : “कधी येईन माहीत नाही, असं म्हटलं की फोनवर पलीकडे शांतता होते. ती शांतता घेऊन मला परत वॉर्डात जाता येत नाही. म्हणून मी निघतेच म्हणते.” आणि थोड्या वेळाने : “रात्री तीनला एका घरच्यांना त्यांचा माणूस गेला हे सांगून आलेली असते मी. घरी पोचल्यावर आधी माफीच मागावी लागते.”

म्हणजे ‘निघतेच आहे’ हे वाक्य तिच्या बाजूने दिलासा म्हणून बोललेले होते आणि त्याच्या बाजूने ते वचन म्हणून ऐकले जात होते. रोज दिलेले आणि रोज मोडलेले वचन.

माझी चूक

येथे मला माझ्या कामातील एक चूक नोंदवली पाहिजे. दुसऱ्या भेटीत पत्नीला न भेटताच मी पतीला असा सल्ला दिला, की रोज रात्री झोपण्यापूर्वी दोघांनी अर्धा तास एकमेकांसाठी राखून ठेवावा. शिवाय फ्रिजच्या दारावर महिन्याचे ड्यूटीचे वेळापत्रक लावायला सांगितले. असे सल्ले आमच्या व्यवसायात सर्रास दिले जातात आणि नोकरदार जोडप्यांना त्यांचा उपयोगही होतो. या घरात दोन्ही उपायांनी हानी केली. मध्यरात्रीनंतर घरी आलेल्या आणि पहाटे साडेपाचला उठणाऱ्या माणसाकडून अर्धा तास मागणे म्हणजे तिच्या झोपेतून तो कापून घेणे होते. वेळापत्रकाचे म्हणाल तर ड्यूट्या ऐन वेळी बदलत. त्यामुळे तो कागद आठवडाभरातच खोट्या वचनांची दुसरी वही बनला. पतीने तो स्वतःच फाडून टाकला. निवासी डॉक्टरच्या घराला ‘वेळेचे नियोजन’ शिकवण्याआधी वेळ मुळात कोणाच्या हातात आहे, हे समुपदेशकाने समजून घेतले पाहिजे. ते मी घेतले नव्हते.

नियम आणि झोप

कामाच्या तासांविषयी कागदावर बरेच काही आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम साधारणपणे बारा तासांहून अधिक असू नये, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत कामाचे तास वाजवी असावेत, रोज विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, सेवेची निकड सांभाळून आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला किमान वीस दिवस पगारी रजा मिळावी, अशी तरतूद आहे. महाविद्यालयाने निवासाची सोय करणे बंधनकारक आहे, मात्र विद्यार्थ्याने वसतिगृहात राहणे बंधनकारक नाही. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांहून अधिक काम नसावे, अशी शिफारस केली. हे सगळे मी त्या दोघांसमोर वाचून दाखवले, तेव्हा वर्षाला वीस रजा असतात हे पतीला प्रथमच कळले. पत्नीला ते ठाऊक होते, तरी वर्षभरात तिने चारच रजा घेतल्या होत्या. आपण रजा मागितली की आपले काम सहकाऱ्याच्या डोक्यावर पडते, आणि प्रबंधावर ज्यांची सही हवी त्यांच्या नजरेत आपण उतरतो, ही तिची भीती होती. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. जी गोष्ट नियमाने मिळायला हवी ती मेहेरबानी म्हणून मागावी लागते तेव्हा त्याची किंमत घरच्या माणसांना मोजावी लागते, आणि हे अन्यायाचे आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी पहिल्याच दिवसापासून आग्रही राहिले. जुलैमध्ये इमर्जन्सीनंतर स्कूटरवरून घरी येताना द्वारका चौकातल्या सिग्नलला पत्नीचा डोळा लागला होता. मागच्या रिक्षाच्या हॉर्नने ती दचकली, स्कूटर कलंडली आणि कोपर व गुडघा खरचटला. तिने घरी ‘पाय घसरला’ असे सांगितले होते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हालचाली आणि निर्णय रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात, आणि चोवीस तासांच्या जागरणानंतर ही मंदी ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठीची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तेहतीस तास जागून स्कूटर चालवणे हे पिऊन चालवण्यापेक्षा कमी धोक्याचे नाही. पत्नी स्वतः डॉक्टर असल्याने हे तिला नवे नव्हते, तरीही ती निघत असे, कारण घरी मूल गॅलरीत उभे असे.

त्याच ऑगस्टच्या ९ तारखेला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या पदव्युत्तर शिकाऊ डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि देशभर, महाराष्ट्रातही, निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यानंतर पती रात्री-अपरात्री मोटारसायकल घेऊन तिला आणायला जाऊ लागला, झोपलेल्या मुलाला आईवर किंवा काकूंवर सोपवून. तिने रात्री यायचेच नाही, वसतिगृहातच राहायचे, असा त्याचा हट्ट सुरू झाला. तिला तो हट्ट घराबाहेर काढल्यासारखा वाटला. खरे तर माझ्याकडे येण्याचे तात्कालिक कारण हे भांडण होते. त्याला तिची काळजी वाटत होती आणि तिला ती काळजी दिसतच नव्हती, कारण मधल्या वर्षभरात दोघांना एकमेकांच्या बोलण्यात फक्त तक्रार ऐकण्याची सवय लागली होती.

काय ठरले

चौथ्या भेटीला पतीच्या आई आल्या होत्या. सगळे ऐकून त्या साधेच बोलल्या : “सूनबाई यायच्या तेव्हा येतील. पोराला कशाला ताटकळत ठेवता? त्याला त्याच्या वेळेला जेवू घाला आणि झोपवा.” त्यावर पती चटकन म्हणाला, “मग आई, तिला वाटेल की घराला तिची गरजच नाही.” आणि पत्नी जवळपास त्याच क्षणी म्हणाली, “मला तर तेच हवंय. कोणी खोळंबलेलं नाही हे कळलं तर मी नीट काम करेन.”

तेथून पुढे जे ठरले त्यामागचे तत्त्व एकच होते : ती येणार नाही असे धरून घर चालवायचे आणि ती आली तर आनंद मानायचा. मुलाचे जेवण साडेसातला आणि झोप साडेआठला, ती कुठेही असली तरी. तिचे ताट वाढून झाकायचे नाही, जेवण डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. ‘निघतेच आहे’ हा संदेश बंद. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडल्यावरच ‘निघाले’ एवढेच लिहायचे, आणि ते आले नाही तर फोन करायचा नाही. इमर्जन्सीनंतर थेट स्कूटर चालवायची नाही. वसतिगृहात तिच्या नावाची खाट होतीच, तिच्यावर किमान चार तास झोपायचे, आणि नंतरच निघायचे किंवा पतीने आणायला जायचे. दार उघडल्यावर तिने माफी मागायची नाही. हा शेवटचा नियम पतीने स्वतः सुचवला आणि मला त्याचे फार अप्रूप वाटले.

आठवड्यातला एक वेळ मात्र पक्का हवा होता. पत्नीने तिच्या दोन सहकाऱ्यांशी बोलून गुरुवारची संध्याकाळ पाच ते आठ मोकळी करून घेतली. तिच्या बदल्यात ती त्यांच्यासाठी रविवारची सकाळ सांभाळू लागली. रोजच्या अनिश्चित चार तासांपेक्षा आठवड्याचे हे खात्रीचे तीन तास मुलाला लवकर समजले. ‘आज मम्मीचा वार’ असे तो म्हणू लागला. महिन्यातले तीन गुरुवार पाळले जात आणि एक चुके. चुकणार असेल तर दुपारी दोनपर्यंत कळवायचे, एवढे पथ्य तिने पाळले.

पतीच्या बाजूनेही काही हलवावे लागले. त्याने पर्यवेक्षकांना परिस्थिती सांगून पत्नीच्या इमर्जन्सीच्या दिवशी रात्रपाळी टाळून घेतली. कंपनीने ते मान्य केले, कारण तो दुसऱ्यांच्या बदली रविवारी यायला तयार होता. मुलाला सांभाळायला दुपारी चार ते रात्री नऊ एक मावशी ठेवल्या आणि त्यांचा पगार पत्नीच्या विद्यावेतनातून द्यायचे ठरले. पत्नीला त्याचे समाधान वाटले, कारण इतके दिवस आपण घरात काहीच करत नाही ही टोचणी तिला होती. लग्नाआधीपासून पती एका ढोल पथकात वाजवत असे. नाशिक ढोलचे नाव सर्वदूर आहे आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने सरावाचे असतात. २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे त्याने ढोल हातात घेतला नव्हता. २०२५ च्या जूनपासून तो आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला जाऊ लागला. मागे राहणाऱ्या माणसाला स्वतःचे असे काही उरले नाही, की त्याच्या हाती फक्त वाट पाहणे उरते.

तीन महिन्यांची पोस्टिंग

या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो एप्रिल ते जून २०२५ चा काळ. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने शासकीय रुग्णालयात काम करावे लागते. त्यासाठी पत्नीला कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या एका रुग्णालयात पाठवण्यात आले. ती तिकडेच खोली घेऊन राहिली. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. या काळात घर कोलमडेल अशी मला धास्ती होती. जूनच्या अखेरीस दोघे आले तेव्हा पती म्हणाला, की गेल्या दोन वर्षांतले हे सर्वांत शांत तीन महिने होते. ती आठवड्याचे पाच दिवस पूर्णपणे नव्हती, पण शनिवारची एसटी ठरलेली होती आणि बारा शनिवारांपैकी अकरा शनिवार ती आली. मुलगा शुक्रवारी रात्रीच तिच्यासाठी आपली चित्रे गोळा करून ठेवायचा. पत्नीने सांगितले, की त्या छोट्या रुग्णालयात ड्यूटीची वेळ पाळली जाई. रात्री झोप मिळे आणि ती सकाळी उठून स्वतःसाठी चहा करून निवांत प्यायची.

पाथर्डी फाट्यावरच्या घरात रोज रात्री परतणारी आई मुलाला दुरावली होती आणि शंभरेक किलोमीटरवर राहणारी आई त्याला जवळची वाटत होती. ताण अनुपस्थितीतून येतो असे आपण मानतो. या घरात तो अनिश्चिततेतून येत होता.

सद्यःस्थिती

जानेवारी २०२६ च्या भेटीत पत्नी तिसऱ्या वर्षात होती. खाली दोन तुकड्या आल्याने वॉर्डाचे काम हलके झाले होते, पण परीक्षेच्या अभ्यासासाठी ती संध्याकाळी वाचनालयात बसू लागली होती. ते बसणे तिने ठरवून, वेळ सांगून केले असल्यामुळे त्यावरून कुरबूर झालेली नव्हती. गेल्या वर्षी तिने सोळा रजा घेतल्या होत्या. पतीने वही लिहिणे नोव्हेंबर २०२४ मध्येच थांबवले होते. शेवटच्या पानावर फरकाच्या रकान्यात आकड्याऐवजी एक आडवी रेघ होती.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही आणि ती सुटली असे मला लिहिता येणार नाही. मुलगा साडेआठला झोपतो, हे पतीच्या दृष्टीने या सगळ्या घडीचे सर्वांत मोठे यश आहे. पत्नी आली की तो जागा होत नाही. जवळपास सव्वा वर्ष आठवड्यातल्या चार रात्री तिने त्याला फक्त झोपलेलेच पाहिले आहे. पूर्वी तो रडत रडत का होईना, पण तिची वाट पाहात असे, हे ती अजून विसरलेली नाही. शेवटच्या भेटीत तिने विचारले, की आठवड्यातून एखाद्या रात्री त्याला जागे ठेवले तर चालेल का. पतीने लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “शुक्रवारी ठेवू. शनिवारी त्याला शाळा नसते.” आणि तिने मोबाइल काढून त्या शुक्रवारी आपली इमर्जन्सी येते का ते पाहायला सुरुवात केली.